पार्श्वभूमी : ‘द डाओ’ आणि इथेरियमची फाळणी

विकेंद्रित स्वायत्त संस्था, अर्थात ‘डाओ’, चालवणाऱ्यांच्या नियमावलीत आज मंजूर ठरावाची अंमलबजावणी काही काळ रोखून धरण्याचे कलम अनेकदा आढळते. कोणीही व्यवस्थापक नसावा आणि निर्णय आपोआप अमलात यावा एवढ्याचसाठी निर्माण झालेल्या व्यवस्थेत असे कलम का आले, हे समजून घ्यायचे तर २०१६ च्या मे ते जुलै या तीन महिन्यांकडे वळावे लागते.

मूळ कल्पना त्याआधीची आहे. संगणकीय नियमांवर चालणाऱ्या कंपनीची चर्चा २०१३ मध्ये बिटकॉइनच्या वर्तुळात सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेरीस विटालिक ब्युटेरिन यांनी मांडलेल्या इथेरियम या ब्लॉकचेनच्या, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेल्या सामायिक नोंदवहीच्या, आराखड्यात तिला स्थान मिळाले. जुलै २०१५ मध्ये इथेरियम प्रत्यक्ष सुरू झाल्यावर अटी पूर्ण होताच स्वतःहून अमलात येणारे प्रोग्रॅम, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, त्या ब्लॉकचेनवर ठेवता येऊ लागले.

‘द डाओ’ हे अशाच एका कॉन्ट्रॅक्टचे नाव. इंटरनेटला जोडलेली कुलुपे बनवू पाहणाऱ्या ‘स्लॉक डॉट इट’ या जर्मन कंपनीच्या ख्रिस्तोफ येंच यांनी त्याचा कोड लिहिला. ३० एप्रिल २०१६ पासून २८ दिवस टोकनांची, म्हणजे मताधिकार देणाऱ्या डिजिटल वाट्यांची, विक्री चालली. सुरुवातीला एका ईथरला, म्हणजे इथेरियमच्या चलनाच्या एका एककाला, १०० टोकन मिळत, आणि शेवटी सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे ईथर जमा झाले. निधी मागणाऱ्याने प्रस्ताव मांडायचा, त्यावर किमान १४ दिवस मतदान चालायचे, आणि किमान २० टक्के गणपूर्तीसह बहुमत मिळाले की रक्कम त्याच्या पत्त्यावर जायची. तो पत्ता आधी तपासण्याचे काम ‘क्युरेटर’ म्हणवणाऱ्या मोजक्या व्यक्तींकडे होते. आपल्या सहकारी संस्थांतील ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व येथे नव्हते. ज्याची टोकन अधिक, त्याच्या मताचे वजन अधिक.

बहुमत न पटणाऱ्यास आपला वाटा घेऊन वेगळी ‘उप-डाओ’ काढण्याची मुभा होती, आणि घात नेमका या सोयीतच झाला. रोखपालाने पैसे आधी हातात ठेवावेत, खातेवहीत नोंद मागाहून करावी, आणि मधल्या क्षणी खातेदाराने पुन्हा तीच मागणी करावी, तर वहीत जुनीच शिल्लक दिसून रोखपाल पुन्हा पैसे देईल. विभक्त होण्याच्या फंक्शनमध्ये ओळींचा क्रम असाच उलटा होता. १७ जून रोजी अज्ञात हल्लेखोराने ही मागणी पुन्हा पुन्हा करून सुमारे ३६ लाख ईथर आपल्या उप-डाओत वळवले. योजनेतील उणिवा दाखवून ती स्थगित करण्याचे आवाहन तीन संशोधकांनी मे महिन्यातच केले होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

उप-डाओतील रक्कम काही आठवडे काढता येत नसे, त्यामुळे वादाला सवड मिळाली. आणि वाद साधा नव्हता. ‘द डाओ’च्या अटींतच, स्पष्टीकरण आणि कोड यांत विसंगती आढळल्यास कोड अंतिम, असे लिहिले होते. मग कोडने जे करू दिले त्याला चोरी कशी म्हणायची? हल्लेखोराचे व्यवहार नाकारण्याचा सौम्य उपाय त्यात नवी त्रुटी सापडल्याने सोडावा लागला. अखेर २० जुलै रोजी, १९,२०,००० व्या ब्लॉकपाशी, हार्ड फोर्क करून, म्हणजे साखळीचे नियमच बदलून, ईथर परतफेडीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये हलवण्यात आले. ज्यांना हा हस्तक्षेप अमान्य होता त्यांनी जुनी साखळी ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने चालू ठेवली.

पुढच्या पिढीने धडा घेतला तो वेळेचा. २०२० मध्ये ‘कंपाउंड’ या इथेरियमवरील कर्जव्यवहाराच्या मंचाने मतदानाने कारभार सुरू केला, तेव्हा मंजूर ठरावालाही दोन दिवस थांबवून ठेवण्याची तरतूद केली, जेणेकरून चूक लक्षात येण्यास अवधी मिळावा.

कायद्याची नजर उशिरा पडली. अमेरिकेच्या रोखे नियामकाने जुलै २०१७ च्या अहवालात ‘द डाओ’ची टोकन म्हणजे रोखेच ठरवले, मात्र कारवाई केली नाही, विखुरलेल्या, टोपणनावाने वावरणाऱ्या टोकनधारकांच्या हाती खरे नियंत्रण नव्हतेच, असे त्यात म्हटले होते. वायोमिंग राज्याने जुलै २०२१ पासून डाओला मर्यादित दायित्वाची कंपनी म्हणून नोंदणीची वाट खुली केली. त्यासाठी राज्यात पत्ता असलेला एक नोंदणीकृत प्रतिनिधी मात्र नेमावा लागतो.