स्नायूंच्या विभाजनाला लागलेले कुलूप

दंड-बैठका काढल्याने स्नायूंतील पेशींची संख्या वाढते, असे व्यायामशाळांत सर्रास सांगितले जाते. वास्तविक पूर्ण वाढ झालेला स्नायुतंतू विभाजित होत नाही. व्यायामाने तो मुख्यतः जाड होतो. त्याला इजा झाली, तर त्याच्या कडेला निपचित पडून असलेल्या उपग्रह पेशी (१९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी त्यांचे प्रथम वर्णन केले) जाग्या होतात, विभाजित होतात आणि त्याच्यात विलीन होतात. ‘नवे स्नायू घडवणारी’ भुकटी विकणारे हा तपशील सोयीस्करपणे गाळतात.

तंतूला विभाजनापासून रोखून धरणाऱ्या प्रथिनाचे नाव आहे आरबी. लहान मुलांच्या दृष्टिपटलाच्या ज्या कर्करोगात त्याचे जनुक निकामी झालेले आढळले, त्या रेटिनोब्लास्टोमावरून हे नाव पडले. ई२एफ नावाची प्रथिने डीएनएची नक्कल करण्यासाठी लागणारी जनुके चालू करतात आणि आरबी नेमके त्यांनाच धरून ठेवते. एरवी पेशीला विभाजित व्हायचे असले, की सायक्लिन या प्रथिनांच्या साथीने काम करणारी विकरे आरबीवर फॉस्फेटचे गट चिकटवतात, त्याची पकड सुटते आणि ई२एफ मोकळे होते. स्नायू घडताना मात्र मायोडी हे प्रथिन पी२१ या दुसऱ्या प्रथिनाची पातळी वाढवते, पी२१ त्या विकरांना थोपवते, फॉस्फेट चिकटत नाही आणि आरबीची पकड कायम राहते. आरबीचे जनुकच नसलेल्या उंदरांचे गर्भ जन्मापूर्वीच मरतात. ते थोडे अधिक काळ जगतील अशी व्यवस्था केली, तेव्हा त्यांचे स्नायू सदोष घडलेले दिसले.

तुटलेला पाय पुन्हा उगवणाऱ्या न्यूट या उभयचराच्या स्नायुपेशींत मात्र आरबीवर फॉस्फेट चढू शकते आणि डीएनएची नक्कल पुन्हा सुरू होते. मग उंदराच्या पेशीतील आरबी काढून घेतले तर? तेवढ्याने भागत नाही, कारण सस्तन प्राण्यांत एआरएफ हे दुसरे अर्बुदरोधक (कर्करोगाची गाठ वाढू न देणारे) प्रथिन पहाऱ्यावर असते आणि आरबी नाहीसे होताच ते पी५३ या प्रथिनाला जागे करून विभाजन रोखते. अवयव पुन्हा उगवू शकणाऱ्या उभयचरांत एआरएफ सापडत नाही. जीवशास्त्रज्ञ हेलन ब्लाऊ यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने २०१० मध्ये उंदराच्या, विभाजन थांबवलेल्या स्नायुपेशींत ही दोन्ही प्रथिने तात्पुरती दाबली, तेव्हा त्या पेशी पुन्हा विभाजित होऊ लागल्या आणि उंदरांत सोडल्यावर तेथील तंतूंत सामील झाल्या. या प्रयोगात ‘तात्पुरती’ हाच कळीचा शब्द आहे, कारण हीच दोन कुलुपे कायमची उघडी राहिलेल्या पेशींतून अर्बुद वाढते.