मराठी चित्रपटांची ऑनलाइन पायरसी : पार्श्वभूमी

पायरसीची आजची चर्चा टेलिग्रामवरील चॅनेलांपासून सुरू होते. तिची मुळे मात्र २००९ नंतरच्या दहा वर्षांत आहेत. त्याआधीच्या व्हीसीडीच्या काळात पायरेटेड तबकडी ही हातात धरता येणारी वस्तू होती, ती विकणारा माणूस रस्त्यावर उभा असे आणि छापा पडला की तो सापडतही असे. हेच गृहीत धरून महाराष्ट्राने २००९ मध्ये १९८१ च्या एमपीडीए या धोकादायक कृत्यांना आळा घालणाऱ्या कायद्यात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्या पंक्तीत ‘व्हिडिओ पायरेट्स’ना बसवले आणि त्यांना जास्तीत जास्त बारा महिने स्थानबद्ध करण्याची सोय केली. कायद्याच्या मराठी मथळ्यात या मंडळींना ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’ असे म्हटले आहे. दुरुस्ती झाली तेव्हा प्रती इंटरनेटवर पोहोचू लागल्या होत्या आणि त्या चढवणारा कोणाच्याही नजरेस पडणार नव्हता.

तालुक्याच्या गावी या बदलाचे रूप वेगळे होते. एसटी स्टँडसमोरच्या मोबाइल शॉपीत काउंटरवरच्या संगणकात नव्या मराठी चित्रपटांचे फोल्डर तयार असे. गिऱ्हाइकाने मेमरी कार्ड काढून द्यायचे आणि चहा होईपर्यंत ते किरकोळ पैशांत भरून घ्यायचे. घरी इंटरनेट नसलेला माणूसही अशा रीतीने ऑनलाइन पायरसीचा प्रेक्षक झाला. त्याच्या गावातले एकपडदा चित्रपटगृह बहुधा बंद पडलेले असे आणि जिल्ह्याच्या मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मिळालाच तर दुपारचा एखादा खेळ मिळे. मल्टिप्लेक्सनी मराठीला चांगली वेळ द्यावी, हा राज्य सरकारचा २०१५ चा आग्रह याच दुखण्यातून आला होता. निर्मात्याचे नुकसान यामुळे कमी ठरत नाही, पण हे वगळून पायरसीचा हिशेब मांडला तर तो चुकतो.

सर्वाधिक वाद झाला तो एका प्रश्नावर : चोरीची प्रत जिथे आहे ती नेमकी लिंक बंद करायची की अख्खे संकेतस्थळ? प्रतिवादीचे नाव माहीत नसताना मनाई हुकूम देण्याची प्रथा आपल्याकडे २००२ मध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या केबल प्रक्षेपणावरून सुरू झाली आणि पुढे ती चित्रपटांनी उचलली. ‘अशोक कुमार’ या काल्पनिक नावाच्या प्रतिवादीविरुद्ध निघालेल्या अशाच एका आदेशामुळे २०१२ मध्ये कायदेशीर व्हिडिओ संकेतस्थळेही अनेकांच्या संगणकावर दिसेनाशी झाली. तेव्हा चेन्नईतील उच्च न्यायालयाला बंदी विशिष्ट लिंकपुरतीच आहे, असे स्पष्ट करावे लागले. मुंबईतील उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हाच धागा पुढे नेला. संपूर्ण संकेतस्थळ बंद करायला त्याने नकार दिला, प्रत्येक लिंक तपासून तिची यादी शपथेवर द्यावी अशी अट घातली आणि बंद पानावर बंदीचे कारण दिसले पाहिजे, असेही सांगितले.

नागरिकांच्या हक्कांच्या दृष्टीने ही भूमिका योग्यच होती. मात्र तिचा भार सर्वांवर सारखा पडत नव्हता. शेकडो लिंक रोज तपासायला मोठ्या हिंदी चित्रपटाकडे वकील आणि तंत्रज्ञांची फळी असते, तर घर गहाण ठेवून चित्रपट काढणाऱ्या मराठी निर्मात्याकडे फार तर एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि तो मित्रांना लिंक ‘रिपोर्ट’ करण्याची विनंती करत बसतो. दिल्लीतील उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तत्त्व बदलले : जी संकेतस्थळे मुख्यतः चोरीवरच चालतात ती पूर्ण बंद करता येतील आणि नाव बदलून आलेल्या त्यांच्या जुळ्या आवृत्त्यांनाही तोच आदेश लावता येईल. पुढे २०२३ मध्ये हे संरक्षण अजून तयार न झालेल्या कलाकृतींपर्यंत वाढले. हे दोन्ही दावे बड्या स्टुडिओंचे होते.

मधल्या काळात २०१६ हे वर्ष निर्णायक ठरले. २९ एप्रिलला लागलेल्या ‘सैराट’ची प्रत काही दिवसांतच इंटरनेटवर फिरू लागली, तरी चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. तेव्हापासून ‘पायरसीने काही बिघडत नाही’ म्हणणारे हेच उदाहरण देतात. ते उदाहरण लागू पडत नाही. पहिल्या सोमवारी ज्याचे खेळ उतरवले जातात अशा चित्रपटाला गेलेला प्रेक्षक परत आणण्याची दुसरी संधी नसते. त्याच जूनमध्ये एका हिंदी चित्रपटाची प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी फुटलेली प्रत ‘फॉर सेन्सर’ अशा खुणेची निघाली आणि गळती चित्रपटगृहाच्या आधीच्या साखळीतूनही होते, हे उघड झाले. सप्टेंबरमध्ये स्वस्त फोर-जी आले आणि मेमरी कार्डाची गरजच संपत गेली.

सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने विनापरवाना चित्रीकरण व प्रसारणासाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपये ते लेखापरीक्षित एकूण निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणता चित्रपट होता, हे या आकड्यांवरून दिसते; कारण खर्च ६० लाखांपेक्षा कमी असेल, तर दंडाची कमाल मर्यादा किमान मर्यादेच्याही खाली जाते आणि एवढ्या खर्चात मराठी चित्रपट तयार होतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने तक्रारी घेण्यासाठी १२ अधिकारी नेमले. त्यांचे निर्देश मिळाल्यावर लिंक काढायला ४८ तासांची मुदत आहे. चित्रपट सहसा शुक्रवारी लागतो; निर्देश त्याच संध्याकाळी निघाले, तरी ती मुदत रविवारी संध्याकाळी संपते.