मोठे मांसभक्षक आणि माणूस : संशोधनाची पार्श्वभूमी

लांडगा, वाघ, सिंह, अस्वल यांची माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ओळख आहे, पण ती मुख्यतः शिकाऱ्याची आणि गुराख्याची ओळख. शास्त्रीय अभ्यासाला हात घातला गेला तो फार उशिरा, आणि बऱ्याच ठिकाणी जनावर संपत आल्यावर. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९२६पर्यंत सरकारी मोहिमेनेच लांडग्यांचा निकाल लावला होता. ते नेमकं काय खातात, याची नीट नोंद त्यापूर्वी कुणी ठेवली नव्हती.

ती नोंद अलास्कात झाली. माउंट मॅकिन्ली उद्यानात रानमेंढ्या घटत होत्या आणि लांडगे मारा, अशी मागणी जोरात होती. जीवशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ म्युरी १९३९मध्ये तिथे गेले. डोंगर पालथे घालून त्यांनी मेलेल्या मेंढ्यांच्या शेकडो कवट्या गोळा केल्या आणि प्रत्येकीचं वय ठरवलं. लांडग्यांच्या तावडीत बहुतेक म्हातारी, कोवळी किंवा आजारी जनावरं सापडतात, असं त्यांच्या १९४४च्या ग्रंथात दिसून आलं. आरोपीविरुद्धचा पुरावा तपासायचा असतो, ही साधी गोष्ट या क्षेत्रात खरं तर इथून रुजली.

साठचं दशक भरभराटीचं. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शेल्लर १९६३मध्ये कान्हाला आले आणि वाघ व त्याचं भक्ष्य यांचा पहिला सखोल अभ्यास तिथे उभा राहिला. हान्स क्रूक यांनी टांझानियातल्या गोरोंगोरोत रात्री जागून दाखवून दिलं, की मुडदे खाणारं म्हणून हिणवलं गेलेलं तरस स्वतः शिकार करतं आणि सिंह अनेकदा ती बळकावतो. १९७३मध्ये नेपाळच्या चितवनमध्ये वाघांना रेडिओ कॉलर (जनावराचा ठावठिकाणा कळवणारं, गळ्यात अडकवायचं यंत्र) लावण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखून कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या) साहाय्याने गणनेला सांख्यिकीचा आधार दिला. या सगळ्यातून प्राणी कळू लागला, पण माणसाशी असलेलं त्याचं भांडण अजून बाजूलाच राहिलं होतं.

ते मध्यभागी आलं यलोस्टोनच्या अस्वलांमुळे. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे जुळे भाऊ १९५९पासून तिथल्या ग्रिझली अस्वलांचा अभ्यास करत होते आणि १९६१पासून त्यांना रेडिओ कॉलर लावत होते. ही अस्वलं वर्षानुवर्षं पर्यटकांच्या उष्ट्याखरकट्याच्या कचरा डेपोंवर पोसली गेली होती. ऑगस्ट १९६७मध्ये ग्लेशियर उद्यानात एकाच रात्री दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींचा जीव घेतला आणि डेपो बंद करण्याचा दबाव वाढला. डेपो बंद करा, पण हळूहळू करा, अस्वलांना रानातल्या अन्नाकडे वळायला वेळ द्या, असं क्रेगहेड बंधूंचं म्हणणं होतं. प्रशासनाने घाई केली. भुकेली अस्वलं पर्यटकांच्या तळांकडे आली आणि मोठ्या संख्येने मारली गेली. १९७५मध्ये ग्रिझलीला कायद्याने संरक्षण द्यावं लागलं. कचरा डेपो अखेर बंद व्हायलाच हवे होते, यात वाद नाही. वाद वेगाचा होता, आणि त्याबद्दलचा शास्त्रज्ञांचा इशारा हाताशी असताना तो बाजूला सारला गेला. मला हा या इतिहासातला सर्वांत वेदनादायी प्रसंग वाटतो.

त्यानंतर संशोधकांचे प्रश्न बदलत गेले. ‘कोणतं जनावर वाईट?’ याच्या जागी ‘इथेच, याच दिवसांत हल्ले का होतात?’ हा प्रश्न आला. जॉन लिनेल आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये विचारलं, की गुरं मारणारी खास ‘सराईत’ जनावरं खरंच असतात का, की गुरांच्या वाटेत येणारं कुठलंही जनावर संधी साधतं? टांझानियात १९९०नंतर सिंहांनी ५६३हून अधिक माणसं मारली होती. क्रेग पॅकर यांच्या गटाने २००५मध्ये त्यामागचं कारण मांडलं ते रानडुकरांचं. डुकरं पिकं खातात, म्हणून शेतकरी सुगीच्या दिवसांत शेतातच झोपतो, आणि डुकरांच्या मागावर आलेल्या सिंहाला तिथे माणूस सापडतो. उत्तर सिंहाच्या पोटात शोधलं जात होतं, ते शेताच्या राखणीत निघालं.

जुन्नरचा धडाही याच जातीचा. उसाच्या पट्ट्यात बिबटे वाढलेले, म्हणून २००१पासून ते पकडून दूरच्या जंगलांत सोडले जाऊ लागले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये आकडे मांडले : पूर्वी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले त्या काळात १७वर गेले होते. बिबट्याला स्वतःची हद्द असते. पिंजऱ्यात अडकून, माणसांनी वेढला जाऊन तो अनोळखी मुलखात सोडला जातो, तेव्हा त्याचं वागणं बिघडतं, शिवाय तो परतीची वाट धरू शकतो. नंतर अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतशिवारात कॅमेरा ट्रॅप लावले, तेव्हा दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे आढळले, तेही जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या भागात. गावकुत्री हे त्यांचं मोठं अन्न. म्हणजे बिबटे तिथे ‘घुसलेले’ नव्हते, राहतच होते.

युरोपनेही याच सुमारास मोजदाद केली. २०१४च्या अहवालानुसार तिथे सुमारे १७ हजार तपकिरी अस्वलं आणि १२ हजार लांडगे होते, त्यातले पुष्कळसे संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर. त्यामुळे उपायांचा प्रश्न तातडीचा झाला, आणि इथे शास्त्राची बाजू अजून लंगडी आहे. लांडगे मारल्याने गुरांवरचे हल्ले वाढतात, असा निष्कर्ष अमेरिकेत २०१४मध्ये निघाला. २०१६मध्ये त्याच आकड्यांची फेरतपासणी होऊन उलट निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी एड्रियन ट्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी गुरांवरचे हल्ले रोखण्याच्या उपायांचे युरोप-अमेरिकेतले प्रयोग चाळले. कसोटीला उतरणारे फक्त १२ निघाले, त्यांतले २च काटेकोर, आणि ते दोन्ही जनावर न मारता करायच्या उपायांचे. माणसांचे जीव आणि गोठे पणाला लागलेले असताना इतका तोकडा पुरावा चालवून घेणं मला मान्य नाही. पण काटेकोर प्रयोगात तुलनेसाठी काही गोठे उपायाविना ठेवावे लागतात. कुणाचे ठेवायचे आणि त्यांच्या नुकसानीचं काय, हे शेतकऱ्यांशी बोलून ठरवल्याशिवाय असा प्रयोग उभा राहत नाही. म्हणून आता प्राण्यांच्या अभ्यासकांसोबत समाजशास्त्राचे अभ्यासकही गावात बसलेले दिसू लागले आहेत.