वर्षाचा गल्ला म्हणजे दुकानाची किंमत?

मोटार रिवाइंडिंग (जळालेल्या विजेच्या मोटारीत नवी तार गुंडाळून भरणं) किंवा पंप दुरुस्तीचं चालू दुकान विकायचं तर 'एका वर्षाचा गल्ला हाच भाव', असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. हिशेब सोपा म्हणून पटतोही. पण घेणारा पैसे मोजतो ते खर्च जाऊन उरणाऱ्या रकमेचे.

समजा, सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागांच्या मोटारी भरून देणारं दुकान आहे. वर्षाचा गल्ला 18 लाख. तांब्याची तार, बेअरिंग, कारागिरांचा पगार, भाडं, वीज यांत साडेबारा लाख गेले. उरले साडेपाच. मालक स्वतः वाइंडिंगला बसतो. त्याच्या जागी महिना 25 हजारांचा माणूस ठेवला तर आणखी 3 लाख वजा. म्हणजे धंद्याची खरी कमाई अडीच लाख. तेवढ्यासाठी 18 लाख कोण देईल? हा मालकाचा पगार बहुतेक जण धरतच नाहीत, आणि बोलणी तिथंच फिसकटतात.

या कमाईच्या काही पट, शिवाय वाइंडिंग मशीन आणि तारेच्या साठ्याची आजची किंमत, असा भाव बसतो. कमाई वहीत, बँकेत आणि 3 वर्षांच्या आयकर विवरणपत्रांत सारखी दिसली, तर पट वाढतो. जुनी उधारी वेगळी ठरवावी. जीएसटी नोंदणी पॅनशी जोडलेली असते, ती दुकानासोबत विकता येत नाही.

दुकान मालकाशिवाय चालतं का, हे पडताळायचं असेल तर पंधरा दिवस दुकानात जाऊ नका. गिऱ्हाईक कारागिराकडे मोटार टाकून जातं की 'मालक कधी येणार?' विचारून परत फिरतं, ते बघा.