गाणाऱ्या नायिकेची वाट: ज्योत्स्ना भोळे यांच्या आधी आणि नंतर

‘कुलवधू’ नाटकातलं, ज्योत्स्ना भोळ्यांनी गायलेलं ‘बोला अमृत बोला’ कानावर पडलं नाही असं मराठी घर शोधावं लागेल. पण हे पद बाईच्या गळ्यातून, नाटकातल्या बाईचं म्हणून ऐकू येण्यासाठी मराठी रंगभूमीला साठएक वर्षं लागली.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आलं आणि संगीत नाटक उभं राहिलं. नायिका गायची, पण पुरुषाच्या गळ्यातून. आधी भाऊराव कोल्हटकर, पुढे बालगंधर्व. बालगंधर्वांची साडी, त्यांचं केस बांधणं पाहून घरोघरच्या बायका तसं करू लागल्या! स्त्रियांच्या वेगळ्या नाटकमंडळ्या होत्या, पण पांढरपेशा समाज त्यांच्याकडे नाक मुरडून पाही. १९२९च्या सुमारास गायिका हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना सोबत घेऊन नाटकं काढली आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. हिराबाईंचं हे ऋण आपण पुरेसं मानलेलं नाही, असं मला फार वाटतं.

१९३२ साली मराठी बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचा पाया हलला. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९३३ रोजी, ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केलं. संगीत केशवराव भोळ्यांचं. त्यात गायल्या त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई. मूळच्या गोव्यातल्या बांदिवड्याच्या, माहेरच्या दुर्गा केळेकर. मुंबईत आग्रा घराण्याची तालीम घेतलेल्या. तेव्हा त्या जेमतेम एकोणीस वर्षांच्या होत्या.

जुन्या रिवाजात पद सुरू झालं की कथानक थांबे. ऑर्गनचा सूर, तबल्याचा ठेका, तानांवर ताना, मग ‘वन्समोअर’, पुन्हा तेच पद. नाटक पहाटेपर्यंत चाले. त्याची गोडी मी नाकारत नाही. पण ‘आंधळ्यांची शाळा’त पदं मोजकी आणि आटोपशीर होती. ख्यालाची, म्हणजे राग सावकाश फुलवण्याची, तालीम झालेल्या गळ्याला एवढ्याशा जागेत सगळं बसवायचं होतं. ज्योत्स्नाबाईंची ध्वनिमुद्रणं लक्ष देऊन ऐका: शब्द कुठेही चुरगळत नाही, सुरांची छोटी हरकत येते आणि लगेच ओळीत विरघळते. बोलणाऱ्या बाईला मध्येच गावंसं वाटावं, तसं ते गाणं येतं.

नाटककार मो. ग. रांगणेकरांनी ‘नाट्यनिकेतन’ ही संस्था काढली ती अशाच सुटसुटीत नाटकांसाठी. १९४२ मध्ये ‘कुलवधू’ आलं, संगीत मास्टर कृष्णरावांचं. एरवी मैफल संपवणारी भैरवी त्यांनी ‘बोला अमृत बोला’ला दिली आणि ज्योत्स्नाबाईंनी ती घरातल्या लाडिक आर्जवासारखी गायली. त्यांची भूमिका होती भानुमतीची. घरची सून, आणि चित्रपटात काम करणारी नटी. तिच्या यशाने नवरा-बायकोत तेढ येते, तेच ‘कुलवधू’चं कथानक.