फॉरेन युनिव्हर्सिटीसोबत टाय-अप करायचंय? एमओयूच्या आधी क्रेडिटचं गणित मांडा

कॉलेजात इंटरनॅशनल सेलचं काम गळ्यात पडलं की वरून पहिला प्रश्न येतो तो एमओयूचा, म्हणजे सामंजस्य कराराचा, सही कधी, पाहुणे कधी येणार, बॅनर छापायला दिलं का. गेस्ट लेक्चर, फॅकल्टी एक्स्चेंज, एकत्र रिसर्च एवढंच करायचं असेल तर साधा एमओयू पुरतो. पण मुलं तिकडे शिकून येणार आणि तिकडचे क्रेडिट (अभ्यासाच्या वजनाचं माप) डिग्रीत धरणार असाल तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) मे २०२२ चे रेग्युलेशन्स लागतात, आणि ते वाचल्याशिवाय समोरच्यांना काहीही कबूल करू नका.

त्यात तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये डिग्री फक्त भारतीय संस्थेची आणि तिकडचे क्रेडिट जास्तीत जास्त ३० टक्के. जॉइंट डिग्रीत दोघांनी मिळून अभ्यासक्रम बनवायचा, दोन्ही लोगो असलेलं एकच सर्टिफिकेट आणि प्रत्येक संस्थेतून किमान ३० टक्के क्रेडिट. ड्युअल डिग्रीत दोघं आपापली डिग्री देतात, पण एकाच विषयात आणि एकाच लेव्हलला, आणि किमान ३० टक्के क्रेडिट भारतीय संस्थेतून हवेत. म्हणजे इकडे बीकॉम आणि तिकडे डेटा सायन्स असलं काही यात बसत नाही.

आता गंमत बघा, तीन वर्षांची डिग्री १२० क्रेडिटची धरली तर ३० टक्के म्हणजे ३६ क्रेडिट. युरोपात एका वर्षाचे ६० ईसीटीएस (तिकडचे क्रेडिट) असतात, आपल्याकडे वर्षाला साधारण ४० क्रेडिट, म्हणजे ६० ईसीटीएसचे आपले ४० झाले. म्हणजे "एक वर्ष परदेशात" ही जी सगळ्यांची आवडती ऑफर आहे ती तीन वर्षांच्या डिग्रीत ट्विनिंगमध्ये बसतच नाही, ३३ टक्के होतात! तिथे जॉइंट किंवा ड्युअलकडेच जावं लागतं. चार वर्षांच्या १६० क्रेडिटमध्ये तेच ४० म्हणजे २५ टक्के, आरामात बसतं. ब्रिटनचे वर्षाला १२० क्रेडिट असतात त्यामुळे तिथे भागाकार वेगळा. हे एक्सेलमध्ये विषयवार मांडा, त्यांचा कुठला कोर्स आपल्या कुठल्या पेपरच्या जागी, किती क्रेडिट, मार्क कसे बदलणार, आणि मगच प्रकार ठरवा. माझ्या मते निम्मं काम याच शीटमध्ये असतं, बाकी सगळी कागदं गोळा करायची.

पात्रतेचं म्हणाल तर आपल्या बाजूने नॅकचा (संस्थांना दर्जा देणाऱ्या परिषदेचा) स्कोअर ४ पैकी किमान ३.०१ म्हणजे ए ग्रेड, किंवा एनआयआरएफ या सरकारी रँकिंगच्या युनिव्हर्सिटी कॅटेगरीत पहिल्या १०० मध्ये, किंवा इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स हा सरकारी दर्जा, यातलं एक काहीतरी हवं. आणि समोरची संस्था टाइम्स हायर एज्युकेशन किंवा क्यूएसच्या रँकिंगमध्ये पहिल्या १००० मध्ये. दोन्ही जुळलं तर यूजीसीची वेगळी परवानगी लागत नाही, नाहीतर मंजुरीचा रस्ता. बी प्लस प्लसवाल्यांनी आधी नॅक बघावं हे बरं. आणि संलग्न कॉलेजांनी एक लक्षात ठेवा, डिग्री तुम्ही देत नाही, विद्यापीठ देतं, ऑटोनॉमस असलात तरी, त्यामुळे कुलसचिव कार्यालयाला सुरुवातीपासून सोबत घ्या, शेवटी फाईल घेऊन गेलात की ती तिथेच बसते. ऑनलाइन आणि डिस्टन्स कोर्सना हे नियम लागू नाहीत. आणि २०२३ चे नियम वेगळे आहेत बरं का, ते परदेशी विद्यापीठांनी इथे कॅम्पस काढायचे, मीटिंगमध्ये हमखास दोन्हीची खिचडी होते.

फाईलमध्ये काय काय ठेवायचं? नॅकचं सर्टिफिकेट (मुदत संपत आलेली नाही ना बघा), समोरची संस्था तिच्या देशात मान्यताप्राप्त असल्याचा पुरावा, रँकिंगच्या पानाची तारीख दिसेल अशी प्रिंट, अॅकॅडमिक कौन्सिलचा ठराव, दोन्हीकडच्या अधिकृत सह्यांचा करार, क्रेडिट मॅपिंगचं शीट, दोन्हीकडच्या फीचा तपशील. इंजिनिअरिंग, लॉ, मेडिकलसारखा कोर्स असेल तर त्या त्या कौन्सिलची मंजुरी वेगळी. समोरून "व्हाइस प्रेसिडेंट ग्लोबल" अशा पदाचा माणूस सही करत असेल तर त्याला करार करायचा अधिकार आहे याचं पत्र मागा, लाजू नका, ते लोक सवयीने देतात. फी तिकडे पाठवायची असेल तर फेमाचे (परकीय चलन कायद्याचे) नियम लागतात, अकाउंट्सवाल्यांना आधीच सांगून ठेवा.

या नियमांखाली मिळालेल्या डिग्रीला वेगळं इक्विव्हॅलन्स (समकक्षतेचं प्रमाणपत्र) काढावं लागत नाही, पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. मात्र फ्रँचायझी चालत नाही, उघड नाही आणि आडून पण नाही. एखादी एडटेक कंपनी "परदेशी युनिव्हर्सिटीची डिग्री तुमच्याच कॅम्पसवर" असं घेऊन आली तर चहा पाजून परत पाठवा, यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये अशा डिग्र्यांना मान्यता नसल्याची सूचनाच काढली होती.

करारातला एक क्लॉज मात्र ओळ न ओळ वाचा, एक्झिटचा. एखाद्याला व्हिसा मिळाला नाही, किंवा तिकडे एक सेमिस्टर करून घरच्या अडचणीने परत यावं लागलं, तर मिळवलेले क्रेडिट कुठे धरायचे, इकडे कुठल्या सेमिस्टरला बसवायचं, फी किती परत, हे सगळं आकड्यांत लिहून घ्या. "परस्पर संमतीने ठरवू" असं लिहिलेलं असेल तर खोडायला लावा.