टर्की मादीचे अंडी घालणे आणि घरटे

पाळीव टर्कीची मादी चांगला खुराक आणि पुरेसा प्रकाश मिळाला तर वर्षाकाठी 60 ते 100 अंडी घालते. संकरित लेअर (खास अंड्यांसाठी पाळलेली) कोंबडी याच काळात 300 च्या घरात जाते. हा फरक निव्वळ अंगाच्या आकारामुळे पडत नाही. कोंबडीतील खुडूक बसण्याची, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवत बसण्याची, खोड निवड पद्धतीने जवळजवळ काढून टाकली गेली. टर्कीत ती अजून शाबूत आहे.

पाळीव टर्कीचा पूर्वज म्हणजे मेक्सिकोतला रानटी टर्की. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तो मेसोअमेरिकेत (मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा भाग) माणसाळला आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला. भारतात तो गोव्यामार्गे पोचल्याची एक प्रसिद्ध नोंद आहे. जहांगीराचा सरदार मुकर्रब खान याने 1612 मध्ये गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंत हा पक्षी होता. जहांगीर बादशहाने आठवणींत त्याचे वर्णन केले आणि मन्सूर या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढून घेतले. माजावर आलेला पक्षी मोरासारखा पिसारा फुलवतो, त्याचे डोके आणि मान क्षणात लाल, क्षणात पांढरी, तर क्षणात निळसर होते, हे बादशहाने बारकाईने टिपले आहे. (पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात. आपल्या फळाशी गल्लत नको.)

मादी साधारण 30 आठवड्यांची झाली की अंड्यावर येते. दिवस मोठा होऊ लागला की शरीराला तशी सूचना मिळते, म्हणून मोकळ्यावर वाढलेल्या माद्या उत्तर गोलार्धात वसंतात अंडी घालू लागतात. शेडमध्ये हाच वसंत दिव्यांनी आणतात. आधी काही आठवडे दिवसाला 6 ते 8 तासच उजेड, मग एकदम 14 तास किंवा त्याहून जास्त. पहिला अंधाराचा टप्पा गाळून चालत नाही. सतत मोठ्या दिवसात वाढलेल्या मादीवर उजेडाचा परिणाम होईनासा होतो. अंड्यांचा हंगाम सुमारे 24 आठवडे टिकतो आणि शेवटी शेवटी, दिवे चालू असूनही, मादी आपोआप थंडावते.

अंडे मलईच्या रंगाचे, त्यावर तपकिरी बारीक ठिपके. वजन सुमारे 85 ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या दीडपट. एक टोक चांगलेच निमुळते असते आणि कवच टणक. बहुतेक अंडी दुपारनंतर पडतात. सकाळी खुराडे तपासून ‘आज काही नाही’ म्हणणारा नवखा पाळणारा इथेच फसतो. एक अंडे तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, त्यामुळे वेळ रोज पुढे सरकते आणि मधूनच एक दिवस रिकामा जातो.

मोकळी सोडलेली मादी घरट्यासाठी आडोसा शोधते. उंच गवत, झुडपाचा बुंधा, लाकडांच्या ढिगामागची जागा. घरटे म्हणजे जमिनीत पायाने उकरलेला उथळ खळगा आणि त्यात पडलेला पालापाचोळा. विणकाम नाही, काड्यांची रचना नाही. सगळी हुशारी जागा लपवण्यात. अंडे घालायला निघालेली मादी सरळ तिकडे जात नाही. उगाच टोच मारत, चरल्यासारखे करत हिंडते, कोणी मागे आहे असे वाटले तर भलत्याच दिशेला वळते. घरटे सोडताना अंड्यांवर पाने ओढून ठेवते. अंगणातली टर्की रोज दुपारी तासभर गायब होत असेल तर ती हरवलेली नसते. अशा वेळी लांबून, दमाने पाळत ठेवावी लागते. घाई केली की जागा बदलते.

दहा-बारा अंडी साठेपर्यंत ती बसत नाही. आधी घातलेली अंडी तोवर थंडच राहतात, वाढ थांबलेली असते, म्हणून पुढे सगळी पिल्ले जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात.

मग ती खुडूक होते. पोटाखालची पिसे गळून कातडी उघडी पडते, तिची ऊब थेट अंड्यांना लागते. जवळ गेले की अंग फुगवून फुत्कारते, उचलले तरी पुन्हा तिथेच येऊन बसते. दिवसातून एखादाच फेरा खाण्यापिण्यासाठी. यामागे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आहे. त्याचे प्रमाण वाढले की अंडाशय आक्रसते आणि अंडी बंद पडतात. पाळणाऱ्याला अंडी हवी असतील तर खुडूक मोडावी लागते. मादीला घरट्यापासून दूर, जाळीच्या किंवा फळ्यांच्या तळाच्या, लख्ख उजेडाच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवतात. जितक्या लवकर ओळखाल तितके सोपे, म्हणून संध्याकाळी घरट्यात कोण बसून राहिले आहे हे पाहण्याचा शिरस्ता व्यावसायिक शेडमध्ये असतो. याउलट फ्रान्समध्ये एकेकाळी हाच गुण कामाला लावत. टर्की माद्यांच्या अंगाखाली कोंबडीची अंडी ठेवून त्यांचा जिवंत उबवणयंत्रासारखा वापर होई.

शेडमधील घरटी जमिनीलगतच ठेवतात, कारण जड मादीला वर उडी मारणे जमत नाही. चार-पाच माद्यांमागे एक पेटी, आत भुसा किंवा पेंढा, आणि अंधारा कोपरा. तरी काही माद्या भिंतीच्या कडेला जमिनीवरच अंडी घालतात. दिवसातून अनेकदा अंडी उचलणे हा यावरचा साधा आणि भरवशाचा उपाय.

नराशी एकदा समागम झाला की मादी शुक्राणू अंडनलिकेतील सूक्ष्म नळ्यांत साठवते आणि पुढे कित्येक आठवडे फलित अंडी देऊ शकते. रुंद छातीच्या आधुनिक जातींत नर इतके जड झाले आहेत की नैसर्गिक समागम जमत नाही, म्हणून कृत्रिम रेतनच करतात. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील संशोधन केंद्रात एम. डब्ल्यू. ऑल्सेन या शास्त्रज्ञांना 1950 च्या दशकात, नराचा संबंध न आलेल्या माद्यांच्या अंड्यांतही गर्भ वाढताना आढळले. त्यातून निघालेली मोजकी पिल्ले सगळी नर होती.

अंडी 28 दिवसांनी फुटतात. आई पिल्लांना आवाजावरून ओळखते, नजरेने नाही. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक वोल्फगांग श्लाइट आणि सहकाऱ्यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बहिऱ्या केलेल्या माद्यांनी आपलीच पिल्ले टोचून मारली. चिवचिव ऐकू येत नाही तोवर घरट्यातली प्रत्येक हालचाल तिच्या लेखी शत्रूचीच असते. ऐकू येणारी मादी पिल्ले वाळली की दिवसभरातच त्यांना घेऊन निघते आणि त्या खळग्यात परतत नाही. पुढचे साधारण दोन आठवडे, पिल्लांना फांदीपर्यंत उडता येईपर्यंत, ती रात्री जमिनीवरच पंख पसरून त्यांना खाली घेते.